थोरला, धाकटी आणि निरोप्या मी

३ जून, सोमवार

आले एकदाचे! माझ्या सोफे शिवायच्या खोलीत थोरल्याची गिटार, धाकटीचा कीबोर्ड आणि त्यांच्या मित्राचे ड्रम्स. मित्राला मी ठोक्या म्हणतो. "काका, भिंतीला एवढा फोम, एवढं कापड! असा स्टुडिओ शोधून सापडायचा नाही." चाळीस वर्षं इथे सोफे शिवले, सगळं बघून बघून शिकलो — खोलीचं कौतुक पहिल्यांदाच ऐकलं.

अल्बम करतायत. सहा तुकडे, गाणारं कुणी नाही, नुसती वाद्यं. रॉकसारखं दणदणीत, मध्येच जाझसारखं उंडारायला लागतं.

पण माझी दोन्ही लेकरं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत! एका कार्यक्रमात थोरल्याने एकट्यानेच अकरा मिनिटं गिटार वाजवली. धाकटी आपल्या पाळीची वाट बघून बघून उठली आणि थेट घरी. तेव्हापासून अबोला. आताही थोरला सकाळी वाजवून जाणार, धाकटी दुपारी येऊन त्यावर वाजवणार. शनिवारी सगळं संपवायचं, रविवारी ठोक्या लांब नोकरीवर निघाला. मग कुठली भेट नि कुठलं काय! तुकडे सहा होवोत की साठ — त्याआधी दोघांनी एकमेकांशी तोंड उघडलं पाहिजे. बस्स.

४ जून

निरोप्या झालोय. "बाबा, तिला सांगा, घाई करू नको." "बाबा, त्याला सांगा, मी घाई करत नाही, तोच पेंगतो." ठोक्या हात वर करून मोकळा. "काका, मी फक्त ड्रम बडवणार."

ते सात-सात मात्रांचं काहीतरी आहे. ठेका धरायला गेलो की पाय हवेतच राहतो. एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखं डुगडुगतं — पण पडत नाही, हे विशेष!

५ जून

चार तुकडे झाले. निरोप अकरा.

६ जून, गुरुवार

आज लबाडी केली.

थोरला म्हणाला, "पाचव्यातलं तिचं शेवटचं फार लांबलंय. अर्धं काप म्हणावं." दुपारी धाकटी आली ती आधीच तोंड पाडून. माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे! "दादा म्हणाला, शेवटचं फार आवडलं. अजून वाढव."

"दादा असं म्हणाला?" चेहरा असा फुलला म्हणता!

जाताना तिचा निरोप — "त्याची गिटार कानात घुसते, आवाज कमी कर म्हणावं."

७ जून

मी सांगितलं, "ती म्हणते, गिटार दबल्यासारखी वाटते. मोकळी सोड." थोरला बराच वेळ तारा पुसत बसला. मग अशी काही वाजवली की माझ्या सुईतला दोरा निघाला तरी कळलं नाही.

संध्याकाळी ठोक्या घाम पुसत, "काका, पाचवा तुकडा सतरा मिनिटांचा झाला! तबकडीवर मावत नाही. उद्या दोघांना एकत्र बोलावलंय. कापायला."

मेलो!

८ जून, शनिवार

दोघं दोन टोकांना. ठोक्याने विचारलं, "वाढवा म्हणालं कोण?"

थोरला भिंतीला म्हणाला, "मी तर अर्धं काप म्हटलं होतं."

धाकटी ताडकन वळली. "काय? मला निरोप आला, वाढव!"

"आणि तू नाही म्हणालीस, गिटार मोकळी सोड?"

"मी? मी आवाज कमी कर म्हटलं होतं!"

मग दोघांच्या माना माझ्याकडे. "बाबा!" — आठवडाभरात पहिल्यांदा एका मात्रेवर!

दोरा आणायचं निमित्त काढून सटकलो. दाराला कान लावला.

"बघितलंस दादा? लहानपणापासून बाबा आपले निरोप असेच फिरवत आलेत."

"तुला कधी कळलं?"

"तुला कधीच नाही ना कळलं!"

मग हसणं. मग पूर्ण सतरा मिनिटं ऐकली दोघांनी. एक मिनिटही कापलं नाही. जागा करायला दुसरा एक तुकडाच काढून टाकला!

९ जून, रविवार

ठोक्या गेला. ही दोघं अजून इथेच आहेत, आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीत. आत्ता धाकटी स्वयंपाकघरातून ओरडली, "दादा, बाबांना विचार, चहा घेणार का."