न भिणारं पिल्लू

बुधवार, फाल्गुन, चौसाळा

पिल्लू पळालं नाही, हेच डोक्यातून जात नाही.

सकाळी बिरूदादा धनगराबरोबर माळावर लांडगीचं बीळ पाहायला गेलो. आमची चाहूल लागताच दोन पिल्लं आत दडली. तिसरं, पांढऱ्या पंजांचं, शेपूट हलवत थेट पायाशी आलं. बाप गावकुत्रा असावा. हायवेलगत मेलेल्या कोंबड्या टाकतात, तिथं कुत्री अन् लांडगे एकत्र येतात. भावंडं आईवर गेली, हे बापावर.

माणसाला भिऊनच लांडगा या उघड्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ती भीती एका विणीत गेली?

"बगा, पाव्हण्यागत आलंय," दादा हसला. मग म्हणाला, "मोठं झालं की दिवसाढवळ्या मेंढरात शिरंल. लोक ठिवतेल का जित्तं?"

"तुम्ही?"

"लांडग्यानं नेलेलं कोकरू आमी त्याचा वाटा धरतो, भाऊ. पर ह्यो लांडगा हाय का?"



"माणसाला भ्यालं तरच जगंल," म्हणत दादानं बारका खडा मारला. पिल्लू केकाटलं, थबकलं, अन् शेपूट हलवत परत आलं. त्यानं दुसरा मारला. पुन्हा आलं.

मग मीही खडे वेचू लागलो.