तिसरं टिंब

मुरबाड,
२२ डिसेंबर २००९

प्रिय मनू,

फोन हाताशी असताना मामाने पानंच्या पानं लिहायला घेतली म्हणजे मामाची तब्येत बिघडली असणार, असं दीपेशरावांना वाटेल. त्यांना सांग, तब्येत ठणठणीत आहे. बिघडलंय ते दुसरंच. फोनवर मी दोनदा प्रयत्न केला. एकदा तुझ्या दुकानात बियाणं मागायला गिऱ्हाईक उभं होतं, आणि एकदा माझ्या तोंडून 'भूमिकाचा खोकला कसा आहे?' याखेरीज काही निघालं नाही. पोरीला खोकला झालेलाच नव्हता. तेव्हा म्हटलं, लिहावं. विषय आधीच सांगून टाकतो, नाहीतर प्रस्तावनेतच माझी निवृत्तीची तारीख यायची. २००३च्या मार्चमध्ये तुझ्या नावाने जर्मनीहून जे निळं पाकीट आलं होतं, आणि त्यातल्या मजकुराचा अर्थ मी तुला लावून दिला होता, त्याबद्दल हे पत्र आहे.

इकडे म्हशाच्या जत्रेची लगबग सुरू झालीय. तुझी आई परवा बाजाराला आली होती. जत्रेतून तुझ्यासाठी घोंगडी घ्यायचीय म्हणाली. मी म्हटलं, गिरजा, शहापुरात पंखा लावून झोपतात लोक. तर म्हणते, "नाय लागली तं नाय लागली. घरात असावी." तिच्या गुडघ्यांचं रडगाणं तेच आहे, पण भात झोडून घरात आलंय आणि ती खुशीत आहे. ती खुशीत असली की मला हल्ली जरा बोचतं. का, ते पुढे येईल.

तो खोका आठवतो तुला? तू शाळेसाठी माझ्याकडे राहायला आलीस त्याच वर्षीची, म्हणजे पंच्याण्णवची गोष्ट. इथल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले जर्मन इंजिनीयर काम संपवून गेले आणि त्यांचा उरलासुरला पसारा बुधू भंगारवाल्याकडे आला. बुधूने खोका सायकलवरून थेट माझ्या दारात आणून टाकला. "मास्तर, हे विंग्रजी हाय, पन विंग्रजी वाटत नाय. तुमच्या संस्क्रुतात बसतं का बघा." आत बागकामाचं एक रंगीत चित्रांचं पुस्तक, मुलांच्या गोष्टींची दोन, एक जाडजूड जर्मन-इंग्रजी कोश आणि पाच व्हिडिओ कॅसेट. मला केवढा आनंद झाला! मला जर्मन येत होतं ना. पुण्याला संस्कृत शिकताना ती भाषा घ्यावीच लागली. आपल्या वेदांवर त्या लोकांनी एवढं लिहून ठेवलंय, की आपल्याच घरातली वस्तू कुठे आहे हे विचारायला त्यांच्या दारात उभं राहावं लागतं.

मग मी शहापूरहून जुना व्हीसीआर आणला, कॅसेट लावली, आणि पाच मिनिटांनी मला खात्री पटली की ही जर्मन नव्हे. बारा वर्षं जी भाषा मी डोळ्यांनी वाचत होतो, ती कानाने एकदाही ऐकली नव्हती. संस्कृताच्या शिस्तीने प्रत्येक अक्षर सावकाश, स्वच्छ उच्चारायचो. पडद्यावरची माणसं मात्र अर्धी अक्षरं गिळून टाकत होती. मी कोश मांडीवर घेऊन बसलो, एक शब्द शोधेपर्यंत पुढची चाळीस वाक्यं निघून जायची. आणि तू, अकरा वर्षांची, कुरमुऱ्यांची वाटी घेऊन बसलेली, एकदम खुदकन हसलीस. मी विचारलं, काय कळलं? तर म्हणालीस, "काय नाय कळलं. पन ती म्हातारी त्याला लाडानं ओरडतेय."

ती पाववाली म्हातारी. डोंगरातलं गाव, तिची भट्टी, आणि उशिरा येणारा तो पोरका मुलगा. तो सिनेमा तू किती वेळा पाहिलास याची गणती नाही. महिन्याभरात तू परसातल्या कोंबड्यांना जर्मनमध्ये हाकलायला लागलीस, आणि कोंबड्या जायच्या. मी व्याकरण विचारलं की तुझी बोबडी वळे, पण म्हातारीची वाक्यं तिच्याच ठसक्यात, तिच्याच खोकल्यासकट म्हणून दाखवायचीस. आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचो, आधी पुस्तक, मग सिनेमा. तू म्हणायचीस, "मामा, तू आधी आय म्हनायला शिकलास का अ आ ई?" त्यावर मी रागवत असे.

माझ्या टिंबांची तू केलेली थट्टाही आठवते. आमच्या गुरुजींनी लावलेली ती सवय. कोशात शब्द पाहिला की जेवढे अर्थ डोळ्यांखालून गेले तेवढ्यांपुढे पेन्सिलीचं एकेक टिंब द्यायचं, म्हणजे उद्या 'मी पाहिलंच नव्हतं' असं म्हणायची सोय राहत नाही. तू म्हणालीस, मामाच्या कोशाला देवी आल्यात. वर्गात ते वाक्य फिरलं आणि वर्षभर नववीची पोरं माझ्या कोशाची तब्येत विचारत होती. त्याच वर्गात मी दरवर्षी 'आरात्' हा शब्द मोठ्या कौतुकाने सांगायचो. त्याचा अर्थ जवळ, आणि त्याचाच अर्थ दूर. तू हात वर करून विचारलंस, मग समजायचं कसं? मी मोठ्या ऐटीत म्हणालो, प्रसंगावरून. माझं हे उत्तर लक्षात ठेव.

मग दोन हजार साली जर्मनीहून हिल्डाबाई आली. सिद्धगडाच्या वाटेवर नेचे आणि आमऱ्यांची फुलं बघत फिरताना पाय मुरगळला आणि तू सुटीत गावी असताना तुमच्या ओट्यावर येऊन बसली, डोळ्यांत पाणी. गिरजाने भाकरी पुढे केली. बाई नको नको करत होती. आणि तू तिला पाववालीच्या ठसक्यात ठणकावलंस, "आधी खा, मग रड." बाई आ वासून बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिचा पाय बघायला आलेला वैदू घाबरला. पुढची तीन वर्षं तुमची पत्रं. तिची रोपवाटिका, तिची म्हातारी आई, आणि शेवटी बारावीनंतरचं ते बोलावणं. तीन वर्षं शिकायचं, तिथेच राहायचं, झाडांमध्ये हात घालून शिकायचं. बागकामाच्या त्या पुस्तकातली पानं तू तोवर बघून बघून सुटी केली होतीस. गावात बातमी झाली. देवराम मास्तराची भाची जर्मनीला निघाली.

आणि मार्चात ते पाकीट आलं. मजकूर मला पाठ आहे. या वर्षी आई आजारी आहे, गारपिटीने काचा फुटल्या, म्हणून शिकायला दोघांऐवजी एकालाच घेता येईल. मग एकच वाक्य: 'तुझी जागा आम्ही आउफगेहोबन केली आहे.' आणि शेवटी, लवकर लिही. तू पाकीट माझ्यापुढे ठेवलंस. मी कोश उघडला आणि सांगितलं, रद्द केली आहे. तू लगेच रडली नाहीस. भुवया जवळ घेऊन तो शब्द दोनतीनदा पुटपुटलीस. म्हणालीस, "मामा, हा शब्द मी ऐकलाय. पाववाली बोलते. गोड आवाजात बोलते. रद्दबिद्द नाय वाटत." व्हीसीआर तेव्हा दुरुस्तीला कल्याणला पडला होता. तू म्हणालीस, येऊ दे परत, आपण बघू, मग उत्तर धाडू. त्यावर मी जे बोललो ते मला आजही ऐकू येतं. आवाजाला अर्थ नसतो, मनू. अर्थ शब्दाला असतो. आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या वतीने मीच उत्तर लिहिलं. 'आपला निर्णय आम्ही समजू शकतो, आपले ऋणी आहोत.' असं घोटीव जर्मन, की शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या पंडिताने मान डोलावली असती. हिल्डाबाईने मात्र त्यातून एवढंच वाचलं असणार, की पोरीचा विचार बदलला. पुन्हा पत्र आलं नाही.

त्यानंतर तू सिनेमे पाहिले नाहीस. खतं-बियाणांच्या दुकानात लागलीस, दीपेशरावांसारखा भला माणूस मिळाला, शहापुरात सज्ज्यात सात कुंड्या लावल्यास. मी प्रत्येक वेळी त्या कुंड्या मोजायचो आणि मनात म्हणायचो, बरंच झालं की. फक्त एकदा, बाळंतपणाला माहेरी आलेली असताना, तू दोन दुपारी माझ्याकडे पाववालीची कॅसेट लावून बसली होतीस. तिसऱ्या दुपारी मी कुरमुरे आणून ठेवले. तू आली नाहीस. मी समजलो, पोटातल्या बाळाने दमवलं असेल.

यंदाच्या दिवाळीत तुझ्याकडे आलो तेव्हा भूमिका पाठीमागे हात लपवून माझ्यासमोर उभी राहिली. मुठीत चुरा झालेली करंजी होती. म्हणाली, "आजोबा, ही तुज्यासाठी आउफहोबन!" मी विचारलं, म्हणजे काय गो? माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखी म्हणाली, "म्हंजे सगळ्यांनी खाल्ली पन तुजी ठेवली." आत तुझा झारा कढईवर थांबला. क्षणभरच. मग तुझा आवाज आला, "मामा, चहात साखर टाकू ना?" तुला माहीत होतं, मनू. त्या दोन दुपारींपासून माहीत होतं. चार वर्षं तू माझ्या चहात साखर घालत राहिलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. पोरीच्या बोलण्यात मात्र तो शब्द राहू दिलास.

घरी आलो आणि कॅसेट लावली. मुलगा उशिरा येतो, भट्टी विझलेली, सगळ्यांचं जेवण आटोपलेलं. म्हातारी फडक्याखालून एक पाव काढते आणि तो शब्द म्हणते. खरंच गोड आवाजात म्हणते. त्या पोराने कोश पाहिला नाही. हात पुढे केला. एकालाच घेता येईल, आणि तुझी जागा राखून ठेवलीय. प्रसंग पत्रातच होता, मी शिकवलेला. 

इथवर तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते सांगायला हे सगळं लिहिलं. कॅसेट बंद करून मी कोश काढला. त्या शब्दाला तीन अर्थ दिलेत. उचलणे, रद्द करणे, जपून ठेवणे. तिन्हींपुढे माझी टिंबं आहेत, आणि तिसरं सगळ्यांत ठळक आहे, पेन्सिल तिथे थांबून दाबली गेल्यासारखं. ती चूक नव्हती, मनू. मी तिसरा अर्थ वाचला होता. आदल्याच आठवड्यात गिरजा माझ्या ओट्यावर बसून म्हणाली होती, "दादा, पोर गेली तं मी कोनाशी बोलू रे? बैलांशी?" पण तिच्यावर ढकलणार नाही. तिला यातलं काहीच ठाऊक नाही, आणि तिने मला काही करायलाही सांगितलं नव्हतं. तिने फक्त माझंच वाक्य माझ्याआधी बोलून टाकलं. मामी नसलेल्या या घरात आठ वर्षं तुझा आवाज होता. मी दुसऱ्या अर्थावर बोट ठेवलं आणि तिसऱ्यावर तळहात. तू मला अडाणी समजून माफ केलं असशील, तर ती माफी परत घे. ती मला लागू होत नाही. ऑक्टोबरअखेर मी हिल्डाबाईंना सगळं लिहिलं, यावेळी साध्या जर्मनमध्ये, आणि उत्तर तुझ्या नावाने मागितलं. ते गेल्या गुरुवारी आलं. पाकीट पुन्हा निळंच आहे. ते सोबत ठेवतोय. फोडलेलं नाही. दिव्यासमोर धरूनही पाहिलेलं नाही, दोनदा मनात आलं तरी. आत काय असेल मला माहीत नाही. रोपवाटिका असेल-नसेल, बाई रागावली असेल, तुझं आता घर आहे, पोर आहे. काय करायचं ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही, तेही. फक्त आधी ते मोठ्याने वाच, आणि ऐक. कोश पाठवत नाही.

तुझाच,
देवराममामा