गाल्लाईबाईच्या खटल्यातलं माझं मत

१० जानेवारी १९५२
गिरणीनं माझं नाव पाठवलं — आता मी कोर्टात बसणार! नवा कायदाच तसा. न्यायाधीशाच्या दोन्ही बाजूंना दोन कामगार, तिघांच्या मताला सारखंच वजन. माझ्याबरोबर व्हेंडेलकाका, चांभार. पक्षाचा सेक्रेटरी हसून म्हणाला, "पिरोश्का, अवघड काही नाही. मान हलवता येते ना?"
येते. आडवीसुद्धा!

१४ जानेवारी
आरोपी गाल्लाईबाई, साठीची विधवा. परवान्याशिवाय डुक्कर कापलं. स्वतःचंच! तिस्सा नदीकाठी बर्फावर घसरून त्याचा पाय मोडला होता. "परवान्याला तीन दिवस लागतात, साहेब. तोवर काय त्याचं ओरडणं ऐकत बसू?" सरकारी वकील म्हणे हा जनतेच्या अन्नाशी द्रोह. तीन वर्षं मागतोय.

आतल्या खोलीत न्यायाधीश रादवान्यींनी एक कागद पुढे सरकवला. टाइप केलेला निकाल — दोषी, तयार! "वरून आलाय. सही कर आणि घरी जा, पोरी."
"मग आम्हाला बोलावलं कशाला? खुर्च्या गरम करायला?"
काका आपल्या बुटांकडे बघत बसले. मी सही केली नाही. उद्यावर गेलं.

१५ जानेवारी
मी म्हटलं — निर्दोष. काका खाकरले. "मीही."
दोनास एक! रादवान्यी पांढरेफटक. "कळतंय का काय करताय ते?"
"कायद्यात लिहिलंय तेच."
निकाल त्यांनाच वाचावा लागला. कोणाचं मत काय, ते बाहेर सांगायचं नाही असा नियम. गाल्लाईबाईला आधी कळलंच नाही. मग रुमालात तोंड खुपसून रडली.
रादवान्यी — भित्रा म्हातारा! एवढा शिकलेला, आणि कणा नाही.

१७ जानेवारी
गाल्लाईबाई सुटल्यापासून गिरणीत माझ्याशेजारी कोणी जेवायला बसत नाही. नका बसू!

२१ जानेवारी
शनिवारी पोलिसांनी रादवान्यींना घरातून उचललं. आज सेक्रेटरी शाबासकीचं पत्र घेऊन दारात. "म्हाताऱ्यानं कबूल केलं! तुम्ही दोघं शिक्षाच द्या म्हणत होता. त्यानंच कायद्याची भीती घालून तुम्हाला अडवलं."

म्हातारा खोटं बोलला — आम्हाला वाचवायला!

२२ जानेवारी
सेक्रेटरीला द्यायला लिहून काढलं — ते मत माझं होतं, कोणी अडवलं नाही, कोणी शिकवलं नाही. खाली पूर्ण नाव. काकांचा उल्लेख नाही. तरी जाण्याआधी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, हात एप्रनला पुसले.
"खाली जागा आहे की अजून," म्हणाले. "दे इकडे पेन."