तोंडात धरलेलं पाणी

आई, यंदा गौर पुन्हा आपल्या पऱ्याच्या ओढ्यावरून आणली. तू पऱ्यावर जायचीस तोवर तो मान तुझाच होता. तेरड्याची जुडी हातात घेऊन, पऱ्याच्या पाण्याची चूळ तोंडात धरून तू घराकडे निघायचीस आणि उंबरठा येईपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायची नाहीस. एरवी दिवसभर तुझं तोंड चालू, म्हणून मला त्या मौनाचं फार हसू यायचं. मग तू पोह्यांची गिरणी घातलीस. त्या गिरणीवरच आम्ही शिकलो. पण भात भिजवलेलं आंबूस पाणी ओढ्यात जाऊ लागलं, आणि एका गौरीला तू भरलेली चूळ तिथेच थुंकलीस. "नलावरना आनू या गो," एवढंच म्हणालीस. त्या संध्याकाळी तू चुलीपाशी घावन घालत होतीस. गिरणी बंद करू या का, असं मी विचारलं, तर उलथनं उगारलंस माझ्यावर. "आनि खानार काय? यडपटासारखी बोलू नको." पऱ्याकडे मात्र तू परत कधी गेली नाहीस.

गिरणी आता मी चालवते. गणपतीत नाते गावापासून पोलादपूरपर्यंतचे दुकानदार पोह्यांसाठी मागे लागतात, त्यामुळे नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त पाणी सुटतं. यंदा उन्हाळ्यात वाडीतल्या बायकांनी चिंचा फोडल्या, त्यांचे चिंचोके मी मागून घेतले. भाजले, टरफलं काढली, दळले. ती पूड गिरणीच्या पाण्याच्या टाकीत ढवळली की गढूळपणा गोळा होऊन तळाला बसतो. वरचं पाणी आपल्याच भाताच्या तुसाच्या कोळशातून गाळून मग पऱ्यात सोडायचं. औद्योगिक वसाहतीत सांडपाण्याच्या टाक्यांवर काम करणारा मामेभाऊ बघून गेला. "गाल बसंल ताय, पन इरघललेला सगला जानार नाय," म्हणाला. विरघळलेलं पाण्यात राहणारच, हे मी ऐकलं नाही असं नाही. पण पाणी इतकं नितळ दिसत होतं, की मला तेवढं पुरेसं वाटलं.

गौरीच्या दिवशी पाऊस उघडला होता. बायका काठावर आल्या, वाकून तळातले गोटे बघत राहिल्या, पण पाण्यात हात कुणी घालेना. शेवटी शेजारची काकी म्हणाली, "तुझा पानी हाय, तूच धर गो तोंडात." मी चूळ भरली. आधी काहीच कळलं नाही. मग जिभेखाली तो आंबूसपणा उतरला, तुझ्या वेळेपेक्षा कमी, पण तोच. थुंकावं तर सगळ्या बघतायत, सांगावं तर बोलायचं नाही. वाट ती केवढीशी, पण मला चालताना रडू येत होतं. उंबरठ्याशी चूळ टाकल्यावर काकीनं विचारलं, "गोड हाय ना?"

मी म्हटलं, "हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी कळशी घेऊन पऱ्यावर. मी धावत गेले. "काकी, प्यायला नको. अजून साफ नाय झाला." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग कळशी पालथी केली आणि चढणीनं नळाकडे निघून गेली. वाडीत मला कुणी वाईट बोललं नाही. चिंचोके मागितले तर पुढच्या वर्षीही देतील. गौर मात्र नळावरूनच येईल.

मी अजून पूड टाकते, तुसाचा कोळसा बदलते. हे सगळं तुला लिहिता येतंय ते तू नाहीस म्हणून. तू दारात उभी राहून विचारलं असतंस, तर तुलाही मी "गोड हाय" असंच सांगितलं असतं.