सेनापतीणबाईंचा नमस्कार

धुळे, ३ जुलै

चि. सौ. सारिकाताईंस,
नूतनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. युद्ध संपेपर्यंत शत्रूशी फोन नाही, मेसेज नाही, अशी आमच्या जमातीने शपथ घेतली आहे. पोस्टाचं नाव कुणी काढलं नाही, म्हणून लिहिते.

मोबाइलवरच्या या खेळाची गोडी तुम्हीच मला लावलीत आणि स्वतः ज्योतकुळीच्या पुजारीण होऊन बसलात! एकाच सोन्याच्या नगरीतून दोन्ही जमातींना हाकललं. देऊळ जळालं तेव्हा तुमच्यांनी ज्योत उचलली, आमच्या राखकुळीने राख. आता देवी कुणाकडे, यावरून रोज डोकी फुटतायत. तेराला, रविवारी, घाटात गाठ आहे. दोनशे पोरं मला सेनापतीणबाई म्हणतात. हुकूम सोडताना मी कुकर लावत असते, हे त्यांना कळू देऊ नका.

तुमच्या भावापासून सगळं लपवून चाललंय. ज्ञानेश्वररावांना नमस्कार सांगा. लोभ लढाईपुरता बाजूला ठेवा, टाकून देऊ नका.

तुमची वहिनी,
नूतन


दीपनगर (भुसावळ), ८ जुलै

ती. नूतनवहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हे पॉवर स्टेशनची ड्यूटी विसरून हसत बसले. नणंद-भावजयीला भांडायला आता घोडे नि तोफा लागतात, म्हणाले.

राखेचं काय करणार वहिनी, भांडी घासणार? रविवारी आम्ही देवीची पालखी घेऊन घाटातून जाणार. हिंमत असेल तर अडव.

एक मनातलं लिहू? श्रावण जवळ आला की आपल्या घरी बसणारी कानबाईदेवी आठवते. जातीबाहेर लग्न केलं म्हणून भाऊरायांनी माहेरचं दार बंद केलं, त्याला सहा वर्षं झाली. खेळातल्या हद्दपारांना निदान लढता तरी येतं. मी कुणाशी लढू? या वर्षी तरी बोलावतील का गं? ते चांगल्या मनःस्थितीत असले तरच विषय काढ.

माया असू दे, रविवारी दया दाखवणार नाही.

तुझी,
सारिका


धुळे, १४ जुलै

चि. सौ. सारिकाताईंस,
अनेक आशीर्वाद.

झालं ते तुम्ही पाहिलंतच. धनुर्धारी दरडीवर तयार, मी नुसतं सोडा म्हणायचं होतं. पण ताई, दिवे लावलेली, नथ घातलेली देवी समोरून येतेय आणि हात जोडायचे नाहीत? दाबलं नमस्काराचं बटण. सेनापतीने शत्रूच्या देवीपुढे शस्त्र टेकवलं की अख्ख्या जमातीचा धर्म बदलतो, हे मला काय ठाऊक! सगळी राखकुळी एका क्षणात तुमची भक्त झाली आणि पोरांनी मला हाकलून दिलं. हद्दपारांमधूनही हद्दपार झालेली मी पहिलीच असेन.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून ‘बठ्ठं बुडी गयं!’ अशी सगळं बुडाल्याची आरोळी आली. धावत गेले, तर तुमचे भाऊ मोबाइल धरून उभे. आमच्या जमातीतला सगळ्यात शूर ‘तापीचा वाघ’ म्हणजे हेच, माझ्यापासून चोरून खेळत होते! सेनापतीण मीच, हे सांगावं लागलं. मग त्यांनी पुजारीण कोण ते विचारलं. तेही सांगितलं. तेव्हापासून नीट जेवतही नाहीत.

कानबाईचा विषय काढायची हिंमत झाली नाही. माझ्या नमस्काराने तुमचं दार कायमचं बंद झालं की काय, या भीतीने मला रडू येतंय. रागावलात तरी पत्र लिहा.

तुमची,
नूतन


धुळे, २१ जुलै

चि. सारिकास,
अनेक आशीर्वाद.

मी रागाने लिहितो आहे, हे आधी समजून घे. तुझ्या वहिनीने दोन वर्षांची लढाई एका नमस्कारात घालवली. आता नियमाप्रमाणे मी तुझा भक्त. काल खेळात तुझ्या देवळापुढे रांगेत उभा होतो. तू मला ओळखलं नाहीस. प्रसाद दिलास आणि पुढे सरका म्हणालीस. धाकट्या बहिणीने मला पुढे सरका म्हणावं! नंतर कितीतरी वेळ मोबाइल हातात धरून बसून राहिलो. तुला जायला मीच सांगितलं होतं आणि तू जवळ नाहीस याचा त्रासही मलाच होतो.

हा असला धर्म मला मान्य नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई आपल्या घरात बसेल. तिथे प्रसाद मी देणार आणि तू घेणार. ज्ञानेश्वररावांना बरोबर आण. ते कुठल्या जमातीचे, हे मी विचारणार नाही, खेळातही आणि घरातही.

शनिवारी बसस्टँडवर येतो. कुठल्या गाडीने निघता ते कळव. नाही कळवलंस, तर भुसावळहून येणारी प्रत्येक गाडी बघेन.

तुझा भाऊ,
भूपेंद्र