नेले आठ, आणले आठ

प्रिय लंबू,

तुझं पत्र, परवानगीचे दोन कागद आणि पुस्तकाचा नमुना असं जाड पाकीट परवा मिळालं. पत्राच्या सुरुवातीला मला 'आदरणीय भगिनी' म्हटलं आहे. सव्वीस वर्षांपूर्वी तू मला छोटी म्हणायचास, कारण दादा म्हणायचा. तुझ्या ऑफिसातल्या कोणीतरी ते टाइप केलं असेल असं धरून चालते. दादाचा तो घरट्याचा फोटो प्रदर्शनाच्या पहिल्या भिंतीवर आठ फूट बाय सहा फूट लावायचा आहे, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही तोच घ्यायचा आहे, आणि त्यासाठी शुक्रवारपर्यंत माझी सही हवी. सही नसेल तर छपाई अडेल हे तू दोनदा लिहिलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तरी कळलं असतं.

सहीचं ठरवण्याआधी पुस्तक पाहिलं. रविवारची सगळी दुपार त्यात गेली. शिंपल्यासारखा जिना, पानाच्या आकाराच्या खुर्च्या, गोठलेल्या तळ्यातले बुडबुडे, बर्फात तोंड खुपसलेला कोल्हा, काचेचं घर, पुन्हा बर्फ. जगभरातली दोनशे चित्रं, आणि दर दुसऱ्या पानावर 'थक्क करणारं' हा शब्द. इतकं थक्क व्हायला लोकांना वेळ कुठून मिळतो, मला खरंच कळत नाही. चौथ्या पानावर मी एकदा थक्क झाले, मग चहा ठेवला. तुला आठवत असेल, काही वर्षांपूर्वी तू मला आमच्या लॅबमधल्या स्लाइडचे फोटो मागितले होतेस. आजारी पेशी रंग दिल्यावर फार सुंदर दिसतात म्हणे. दिसतात. गुलाबी, जांभळ्या, कडेने नाजूक जाळी. मी दिवसभर तेच बघते, आणि संध्याकाळी त्या सुंदर स्लाइडचा रिपोर्ट न्यायला कोणाचा तरी मुलगा किंवा नवरा खिडकीशी येऊन उभा राहतो. म्हणून तेव्हा तुला उत्तर दिलं नव्हतं. तुझ्या पत्राला उत्तर न देणं मला तसं अवघड जात नाही.

मग दादावरचं पान वाचलं. 'निसर्गाचा मूक साधक. कीर्तीच्या शिखरावर असताना त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि मौनात शिरला.' लंबू, दादा मूक नव्हता. घरातला नळ गळायला लागला की तो दोन मजले खाली ऐकू जाईल इतका ओरडायचा. प्लंबरशी त्याची तीन भांडणं झाली, ती सगळ्या बिल्डिंगला पाठ आहेत. आणि त्याने कॅमेराही खाली ठेवला नव्हता. स्टेशनरीच्या दुकानामागे त्याचा स्टुडिओ होता, दहा बाय आठचा, पांढरा पडदा आणि फिरवून वर-खाली होणारं स्टूल. पंचवीस वर्षं तो लोकांचे पासपोर्टचे फोटो काढत होता. हनुवटी थोडी वर, कान दिसू देत, हसू नका. ते फोटो चांगले यायचे, कारण कोणी अवघडून बसलं असेल तर तो सावकाश वाट बघायचा. घरट्याशी बसून शिकलेली सवय होती ती. तू हे लिहिलं नाहीस कारण तुला ते माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मौनाशेजारी पासपोर्ट बरा दिसला नसता.

तो गेला तेही तिथेच. एका बाईंसाठी स्टूल खाली करायला वाकला आणि उठला नाही. त्या बिचाऱ्या थोडा वेळ हनुवटी वर करून तशाच बसून राहिल्या होत्या, हे त्यांनी मला नंतर रडत सांगितलं. या गोष्टीला आता दोन महिने झाले.

चौथ्या दिवशी तू आलास. तू येशील असं वाटलं नव्हतं, आलास म्हणून खरं तर बरं वाटलं होतं. पाच मिनिटं माझ्याजवळ बसलास, मग त्याचं टेबल बघू का म्हणालास. मी दाराशी उभी होते. खिडकीतून ऊन येत होतं ते टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर पडलं होतं. तू त्याचा चष्मा उचलून त्या उन्हात ठेवलास, काचा खाली करून. भिंग पुसायचं फडकं बाजूला सारलंस, औषधांची डबी उचलून खुर्चीवर ठेवलीस. चार-पाच फोटो काढलेस. पुस्तकात तो फोटो आहे, खाली लिहिलं आहे, 'त्याचं टेबल, जसं होतं तसं.' दादाने आयुष्यात कधी चष्मा काचा खाली करून ठेवला नाही. तू गेल्यावर मी चष्मा, फडकं, डबी सगळं जागेवर ठेवलं. तू काही जागेवर ठेवलं नव्हतंस. त्या वेळी मला नुसता राग आला. त्याहून जास्त काही सुचलं नाही.

आता घरट्याच्या फोटोबद्दल. तू लिहितोस की तो काढला तेव्हा तू शेजारी होतास. होतास, ते मी नाकारत नाही. दादा कसं काम करायचा हे मला माहीत आहे, कारण त्याचं सामान मीच भरून द्यायची. घरट्यासमोर पानं आली की लोक सरळ छाटतात. दादा छाटायचा नाही. ती पानं तो लोकरीने मागे बांधून ठेवायचा, थोडाच वेळ, आणि फोटो झाला की सोडायचा, म्हणजे पिलांवर पुन्हा सावली येते. लोकर लालच, कारण हिरव्यात लाल विसरला जात नाही. फिल्मच्या जुन्या डबीत तो तुकडे मोजून न्यायचा, मोजून परत आणायचा आणि आतल्या चिठ्ठीवर आकडे लिहायचा. मी त्याला चिडवायचे, की परीटसुद्धा कपडे इतक्यांदा मोजत नाही. तो म्हणायचा, कपडे उन्हाने मरत नाहीत.

त्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून तो घाईत होता. फोटो झाल्यावर तुकडे मोजून तो तिथून लवकर निघाला, आणि कॅमेरा, स्टँड, रोल आवरून तू मागून आलास. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा घरटं बघून यायला गेला आणि दुपारी परत आला. जेवला नाही. नंतर तू आलास. तुम्ही पुढच्या खोलीत होतात, मी आत कणीक मळत होते. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. तू म्हणालास ते ऐकू आलं.

"अरे, फोटो तर मिळाला ना."

मग दार लागल्याचा आवाज. त्यानंतर दादा कुठल्याही घरट्याकडे गेला नाही. फोटो स्पर्धेला तू पाठवलास. बक्षीस घ्यायला तो गेला नाही, त्याच्या वतीने तू गेलास, आणि तिकडेच राहिलास. मला एक कार्ड आलं होतं, पेंग्विनचं. मागे तीन ओळी होत्या. परत आल्यावर घरी येऊन आपल्याबद्दल बोलणार होतास ना, त्याबद्दल त्या तीन ओळींत काही नव्हतं. मी दादाला कार्ड दाखवलं. त्याने ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, फोकस चुकलाय. मी हसले. मला वाटलं होतं, माझ्यासाठी तो तुझ्यावर रागावला आहे. इतकी वर्षं मी तेच समजत होते.

मागच्या आठवड्यात त्याचं कपाट आवरलं. सगळ्यात मागे ती डबी होती. आत लोकरीचे लाल तुकडे, मी मोजले, आठ. चिठ्ठीवर शेवटची ओळ त्या तारखेची: नेले आठ, आणले आठ. डबीच्या तळाशी, एका निगेटिव्हच्या गुंडाळीभोवती, हिरव्या शिवणदोऱ्याचा तुकडा बांधलेला होता. निगेटिव्ह पूर्ण रोलची होती. पहिला फोटो सोडला तर पस्तीस चौकटी कोऱ्या. दादा फिल्म वाया घालवणारा माणूस नव्हता, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्या एका फोटोची मी प्रत करून घेतली. घरटं तेच, पिलं तीच, तीन. पण हा दुसऱ्या दिवशीचा, कडक ऊन थेट त्यांच्यावर आहे. चोची उघड्या आहेत, पण तुझ्या आठ फुटी फोटोत आहेत तशा वर नाहीत. डावीकडे एक मोठं पान मागे ओढून फांदीला बांधलेलं आहे, आणि ते कशाने बांधलं आहे ते नीट बघितलं तरच दिसतं. बाकीचं मी जुळवलं, अवघड नव्हतं. त्या पानाचा लाल तुकडा फोटोत येतो हे तुला आधीपासून खटकत होतं, म्हणून तू तो सोडलास आणि हिरवा दोरा बांधलास. लाल तुकडे आठच्या आठ परत आले, हिशोब जुळला, म्हणून दादा आईला घेऊन निश्चिंत गेला. आणि तू सामान आवरताना ते पान विसरलास. विसरलं जाऊ नये म्हणूनच तर लाल होतं, लंबू. दुसऱ्या दिवशी त्याने तुला सांगितलं तेव्हा तू जे म्हणालास ते मी वर लिहिलंच आहे.

पुस्तकात तू लिहिलं आहेस की तुमच्या मैत्रीत त्याने तुझ्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. खरं आहे. आणि सव्वीस वर्षं तू त्याचा अर्थ मोठेपणाने असा घेतलास, की तो तुला सांभाळून घेतो. थोडी लाज वाटली असेल कदाचित, पण बरंच वाटलं असेल. ते तसं नव्हतं, एवढं तुला कळावं म्हणून हे लिहिते आहे.

दोरा मी बघताक्षणी ओळखला. त्या वर्षी मी स्वतःसाठी हिरवा ड्रेस शिवत होते आणि त्या रंगाचा दोरा मिळायला मला चार दुकानं फिरावी लागली होती. दादा माझ्याबरोबर होता, दुकानाबाहेर कंटाळून उभा. त्या सकाळी तो स्टँड बांधत होता आणि तू आत येऊन हळूच विचारलंस, छोटी, हिरवा दोरा आहे का गं. मी दोन हात तोडून दिला. कशाला हवा ते विचारलं नाही. तू काही मागितलंस याचाच मला आनंद झाला होता. दादाची लाल लोकर कशासाठी असते हे घरात मला सगळ्यात चांगलं माहीत होतं, तरी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या फांदीवर त्याने तो दोरा बघितला तेव्हा कोणाचा आहे हे त्याला कळलंच असणार. म्हणून तो गप्प राहिला. तुझ्यासाठी नाही. तुझं नाव घेतलं असतं तर मी विचारलं असतं, बांधलं कशाने. परवानगीच्या कागदावर सही करून सोबत पाठवते आहे, शुक्रवारच्या आत मिळेल. दुसऱ्या दिवशीचा फोटोही पाठवते आहे. पहिल्या भिंतीवर दोन्ही लावायचे, शेजारी शेजारी, एकाच मापाचे. हे मी सहीच्या वर लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय छापू नकोस. आणि खाली 'मूक साधक' वगैरे नको. एवढंच लिही: फोटो माझ्या भावाचे, गाठ तुझी, दोरा माझा.

दोऱ्यापुरती तुझीच,
छोटी