शेवटच्या कडव्यातलं नाव

मी, सुगत नागनाथ सिंगे, वय चोवीस, धंदा गायन पार्टी, शिक्षण बी.ए. दुसरं वर्ष अर्धवट, राहणार खजुरी, ता. आळंद, जि. कलबुरगी, हा कागद कुणाच्या दबावाखाली नाही, नशेत नाही, पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो. डोकं गरम आहे, पण ठिकाणावर आहे.

येत्या मंगळवारी सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस गाठीला लागूनच जाते, आवाज जाऊ शकतो, आणि भूल म्हटली की धोका असतोच. त्यांच्या फॉर्मवर सही केली तेव्हाच ठरवलं की आपलाही एक कागद करून ठेवायचा. माझे चुलते धम्मानंदकाका रिटायर मास्तर आहेत. माझ्यामागे या कागदाप्रमाणे सगळं त्यांनी करायचं आहे. ते म्हणाले, "पोरा, चोवीस वर्षांच्या माणसाकडं वाटायला असतंय तरी काय?" म्हणून आहे ते खाली मांडतो.

कलम १. राहतं घर आईच्या, म्हणजे पार्वतीबाईच्या नावावर आहे आणि तसंच राहील. त्यावर मी कधी हक्क सांगितला नव्हता. पत्र्यावर चढून माईकचा भोंगा मीच बांधला होता, तो मात्र काढून टाकावा. माय, तुला त्या भोंग्याची कटकट होती.

कलम २. पेटी. ही अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अप्पा गेल्यावर आळंदच्या बाबूलालने तिचा भाता बदलला, बाकी सगळं जुनंच आहे. ती बहीण राजश्रीला द्यावी. राजश्री म्हणते, "अण्णा, मला दोनच सूर येतेत." दोन पुरेत. एकच सांगणं: काळी चार पट्टीत वाजवू नको. ती माझी पट्टी नव्हती. माझा आवाज पांढरी एकचा. आमच्या पार्टीत गाणाऱ्या संध्यासाठी मी सगळी गाणी वर नेली आणि तिच्यामागे कोरस करताना ओरडून ओरडून गळा फाडला. डॉक्टर म्हणतात गाठीचा त्याच्याशी काही संबंध नाही. डॉक्टरांना काय कळतंय.

कलम ३. ढोलकी. ती आमच्या पार्टीतल्या पप्पूकडे आहे, आणि पप्पू सध्या संध्याच्या पार्टीबरोबर दिल्लीला आहे. त्याच्याकडून मागू नये. डिसेंबरात पुण्याचा कार्यक्रम करून परत येताना मी त्याला एसटीत विचारलं होतं, "पप्प्या, तुला सगळं ठावं होतं, तू कामून बोलला न्हाईस?" तो म्हणाला, "माझ्या हातात ढोलकी होती की, अण्णा." पहिलीपासून एका बाकावर बसलेला माणूस हे बोलला. ढोलकी त्याचीच झाली म्हणावं. माझ्या तिरडीला मात्र त्याने हात लावायचा नाही.

कलम ४. दोन फायली. कलाकार म्हणून ओळखपत्र मिळावं म्हणून मी दोन राज्यांत अर्ज केले. बेंगळुरूच्या एका कचेरीने लिहिलं की तुमची कला मराठी आहे, महाराष्ट्रात अर्ज करा. मुंबईच्या कचेरीने लिहिलं की रहिवासी दाखला कर्नाटकचा आहे, तिकडे करा. मग मी राहायलो कुठं? उमरग्याच्या रस्त्यावर, राज्याच्या हद्दीच्या पाटीखाली? दोन्ही फायली चुलीत घालाव्यात. पाणी तापल्यावर पहिली आंघोळ काकांनी करावी, कारण अर्ज त्यांच्याच अक्षरात आहेत.

कलम ५. माझ्या नावाची बारा गाणी. ही जयंतीला खजुरीत, कोहिनूर गावात, कुठेही, कुणीही म्हणावीत. परवानगी लागत नाही. चाल बिघडवली तर भांडायला मी नसेन, याचा फायदा घेऊ नये.

कलम ६. आता एकतीस गाणी. या कागदाचं खरं कारण हेच.

वाचणाऱ्याला आमची रीत माहीत नसेल तर सांगतो. शेताचा मालक पहाणीच्या उताऱ्यात दिसतो आणि गाण्याचा मालक शेवटच्या कडव्यात. लिहिणारा तिथे आपलं नाव गुंफतो. म्हातारी माणसं बाकीचं गाणं गप्पा मारत ऐकतील, पण शेवटच्या कडव्याला कान देतात, नाव ऐकतात आणि मगच मान हलवतात. मग ते गाणं त्या माणसाचं. दुसरा पुरावा आमच्यात कुणी मागत नाही.

संध्या कोहिनूरची. कलबुरगीच्या कॉलेजात भेटली. ती गायची, मी लिहायचो. एकदा तालमीत माझ्या नावाचं कडवं म्हणता म्हणता ती थांबली. म्हणाली, "सुगत, बाईनं काय जन्मभर दुसऱ्याचंच नाव गात बसायचं?" बोलणं खरं होतं. आजही खरं आहे. त्याच दिवशी मी घरी येऊन तिच्या नावाचं कडवं लिहिलं. तिला ऐकवलं तर तिचे डोळे भरले. त्यानंतर एकतीस गाणी झाली, सगळ्यांत शेवटी संध्या. कॉलेज सुटलं ते यातच. लग्नाचं वचन तिने दिलं होतं असं मी खोटं लिहिणार नाही. ती एवढंच म्हणाली होती, "तू लिही, मी गाते, आपलं एकच." मला वाटलं एका नावात दोन माणसं मावतील.

मागच्या डिसेंबरात पुण्यात मोठा महोत्सव होता. देशभरातून कलाकार आले होते, भोपाळचे, नागपूरचे, आसामचेसुद्धा. आमचा कार्यक्रम रंगला. शेवटी निवेदिकेने विचारलं, "इतके ताकदीचे शब्द कुणाचे?" मी तिच्या मागे चार हातांवर पेटी घेऊन बसलो होतो. संध्या म्हणाली, "माझेच. शेवटी माझं नाव आहे की." टाळ्या पडल्या. निवेदिकेने माझ्याकडे बोट केलं, "आणि पेटीवर?" संध्या वळून न बघता म्हणाली, "गावाकडचे एक कलाकार आहेत."

एक कलाकार. गावाकडचे. सुगत एवढी तीन अक्षरं तिच्या तोंडातून निघाली नाहीत.

खाली आल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "आता सगळ्यांसमोर वाद घालायलास काय? नाव तूच घातलास ना? मी मागितलं होतं का?" ते व्हिडिओ लाखो लोकांनी बघितले. दिल्लीचं बोलावणं तिला आलं. मला आलं नाही, आणि आलं असतं तर गेलो असतो, ही गोष्टही लपवत नाही.

नंतर मी वही काढून सगळ्या गाण्यांतून तिचं नाव खोडून माझं घालायला बसलो. बसेना. संध्या म्हणजे चार मात्रा, सुगत म्हणजे तीन. प्रत्येक ओळ एका पायाने लंगडायला लागली. गाण्याच्या बांधणीतच मी तिला चिणून ठेवलं होतं. रागात वही फाडणार होतो, आईने हातातून ओढली. म्हणाली, "कागदानं काय केलंय तुझं?"

वही आहे. तारखा आहेत, खाडाखोड आहे, माझं अक्षर आहे. वर्तमानपत्रात देऊन तिची अब्रू काढायची असं मी या कागदात आधी लिहिलं होतं. काकांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "पोरा, ते खोड. बाईची अब्रू काढून गाणं परत येत न्हाई. पण एक ध्यानात घे. मृत्युपत्रात माणूस स्वतःचं असंल तेवढंच देऊ शकतो. दुसऱ्याचं देता येत न्हाई."

रात्रभर विचार करून मी पुढीलप्रमाणे ठरवलं.

सदर एकतीस गाणी, त्यांच्या चालींसह, मी राजीखुशीने संध्याला देतो. अट एकच. काकांनी वही आणि हा कागद घेऊन तिच्या घरी कोहिनूरला जावं, आणि तिने तिच्या आईवडिलांसमोर सही करून लिहून द्यावं: "ही गाणी मला सुगत सिंगे यांच्याकडून मिळाली." बस. पेपरात छापायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होतं. हे कलम मात्र मी ऑपरेशनातून उठलो तरी लागू. तेव्हा याला दानपत्र म्हणा, नाहीतर काहीही म्हणा.

तिने सही नाकारली, तर ती गाणी खजुरीत बंद करू नयेत. जयंतीला म्हणावीत, पण शेवटचं कडवं सोडून. म्हातारी माणसं नावासाठी कान देऊन थांबतील. थांबू द्यावं. "कुणाचं रे?" म्हणून विचारतील. विचारू द्यावं. उत्तर देऊ नये.

इथपर्यंत काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आणि तिनं सही केलीच, तर?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. खरं सांगतो, तीन महिने ती माझं नाव कधीच घेणार नाही हेच धरून मी जेवलो, झोपलो.

कलम ७. तिने सही केली, तर तो कागद काकांनी स्वतःजवळ ठेवावा आणि मी जिवंत असलो तरी मला दाखवू नये, सांगूही नये. आता माझ्याकडे तिच्यावरचा राग तेवढा राहिला आहे. ती सही बघितली तर तोही जाईल, आणि मग मी तिला कोणत्या नात्याने आठवू?

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला, काकांनी दोन चुका दाखवल्या त्या दुरुस्त केल्या. याआधी मी असा कागद केलेला नाही.

सुगत नागनाथ सिंगे (सही)

साक्षीदार: दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.
१. रेवणसिद्धप्पा, तुरीचे व्यापारी, आळंद (सही कन्नडमध्ये)
२. शिवकुमार, शेजारी, खजुरी (सही)

मुक्काम खजुरी, रविवार, दिनांक ९ मार्च २०२५